पंच्याण्णव

गेल्या नोव्हेंबरात बाबांना हयातीच्या दाखल्यासाठी कोपऱ्यावरच्या महा ई-सेवा केंद्रात घेऊन गेले होते. दरवर्षीचंच काम. ईपीएस-९५ ची, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेची तुटपुंजी पेन्शन चालू राहायची, तर निवृत्त माणसाने वर्षातून एकदा बोट टेकवून आपण आहोत हे सांगायचं असतं. केंद्र म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातला कोपरा. एक टेबल, वर गरगरणारा पंखा आणि आधार कार्डांच्या प्रतींमध्ये अर्धवट दडलेलं ते काळं, काडेपेटीएवढं यंत्र. "आजोबा, बोट टेकवा. दाबू नका हं," मुलगा म्हणाला. बाबांनी उजव्या हाताचं पहिलं बोट ठेवलं. काचेखाली लाल उजेड लागला, बोटाच्या कडेकडेने बाहेर झिरपला. आणि बाबा एकदम मोठ्याने, बंद दारापलीकडे कुणी उभं असावं तसे म्हणाले, "पंच्याण्णव."

मुलाला वाटलं वय सांगतायत. "पंच्याण्णव? वाटत नाही हो आजोबा," तो कौतुकाने म्हणाला. बाबा क्षणभर गोंधळले, मग म्हणाले, "नाही, नाही. पंच्याहत्तर." बोट काही जुळेना. आयुष्यभर कार्बन पेपर आणि नोटा हाताळलेल्या बोटांच्या रेषा पुसट झालेल्या. मुलाने ओलं फडकं दिलं, दुसरं बोट झालं, तिसरं झालं, शेवटी हिरवी खूण आली. "झालं आजोबा, एक वर्ष बघायला नको." आम्ही पावती घेऊन निघालो. वाटेत बाबा नेहमीसारखं बोलत होते, पेरू कसे दिले म्हणून गाडीवाल्याला विचारत होते. माझ्या मात्र छातीत काहीतरी घट्ट धरून बसलं होतं. ते 'पंच्याण्णव' मी ओळखत होते. एप्रिल २०२१ मध्ये सतरा दिवस, दिवसातून पाच वेळा, मी ते मागच्या खोलीच्या दाराला कान लावून ऐकलं होतं.

बाबांना ताप आला १४ एप्रिलला. त्याच रात्री आठपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध सुरू झाले. आदल्या दिवशी पाडवा होता, गुढी उभारली होती, श्रीखंड आणलं होतं, आणि बाबा श्रीखंडाची वाटी पुढे सरकवून म्हणाले होते, "यात वेलदोडा नाही का घातला?" वेलदोडा भरपूर होता. आई माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा आम्हाला दोघींनाही कळलं होतं, पण बोललो नाही. पहिला डोस मार्चअखेर झाला होता, त्या एका डोसवर आम्ही फार मोठी भिस्त ठेवली होती. शुक्रवारी कोरोनाचा रिपोर्ट आला. आई आणि मी निगेटिव्ह, बाबा पॉझिटिव्ह. वय एकाहत्तर, शुगर सीमेवर. आमचे नेहमीचे डॉक्टर दिवसाला दोनशे फोन घेत होते. त्यांनी घाईघाईत पण नीट सांगितलं: वेगळी खोली, वेगळं न्हाणीघर, भरपूर पाणी, पालथं झोपणं, सहा मिनिटं चालून परत ऑक्सिजन बघणं. "चौऱ्याण्णवच्या खाली गेला, तर रात्री दोनलाही मला उठवा."

बाबा स्वतःचा तांब्या, चष्म्याची डबी आणि साधा बटणांचा मोबाईल घेऊन मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी आतून कडी लावली. बाहेर आम्ही एक स्टूल ठेवलं. ताट स्टुलावर ठेवायचं, दारावर टकटक करायची, चार पावलं मागे यायचं. ऑक्सिमीटर आत. तो मी वर्षभरापूर्वीच घेऊन ठेवला होता, तेव्हा बाबांना त्याचं फार अप्रूप वाटलं होतं. त्यांनी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं की हे चालतं कसं. त्यात दोन उजेड असतात, एक दिसणारा लाल आणि एक न दिसणारा. रक्तात ऑक्सिजन भरपूर असला की लाल उजेड जास्त आरपार जातो, कमी पडला की तो मध्येच अडतो, आणि त्या दोघांच्या फरकावरून आकडा निघतो. बोट गार असलं की आकडा चुकतो, हे त्यांनी सोसायटीतल्या प्रत्येकाला सांगितलं होतं. आता तो चिमटा आणि ते, दोघेच आत होते.

मी दोनशे पानी वही काढली. पट्टीने रकाने आखले. वेळ, ताप, नाडी, ऑक्सिजन, शेरा. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, सहा, रात्री दहा. ठरल्या वेळेला मी दाराशी जायचे आणि विचारायचे, "बाबा, किती?" आतून आवाज यायचा, "पंच्याण्णव." कधी चौऱ्याण्णव, एखादवेळी शहाण्णव, पण बहुतेक वेळा पंच्याण्णवच. एका दुपारी तर मी मीटिंगमध्ये होते, कानात हेडफोन, समोर बारा चेहरे, आणि बाबा आतून एकापाठोपाठ एक तीनदा ओरडले. मी माइक बंद केला आणि खेकसले, "ऐकलं, बाबा!" मग वहीत ९५ लिहिलं.

रात्री दहाचा आकडा लिहून झाला की मी वहीच्या पानाचा फोटो काढून भावाला न्यू जर्सीला पाठवायचे. तिकडे तेव्हा दुपार असायची. तो ते आकडे एक्सेलमध्ये भरायचा, आलेख काढायचा आणि परत मला पाठवायचा. निळी रेघ, जवळजवळ सरळ. खाली लिहायचा, "स्टेबल आहे. झोप तू." आणि मी खरंच झोपायचे. त्या दिवसांत मला लागलेली सगळी झोप त्या निळ्या रेघेच्या जिवावर होती.

कारण बाकी कुठलाच आकडा झोपू देणारा नव्हता. १८ एप्रिलला, रविवारी, राज्यात एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण सापडले. टीव्हीच्या तळाशी तो आकडा सरकत होता आणि मी हातात पोळीचं लाटणं घेऊन उभी होते. फोन ओट्यावर थरथरत पुढे पुढे सरकायचा. कॉलेजचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, माहेरचा, ऑफिसचा. ओ पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवा. रेमडेसिवीरची सहा इंजेक्शनं कुठे मिळतील. ऑक्सिजन बेड, अर्जंट, पेशंट रिक्षात आहे. ज्या रेमडेसिवीरने जीव वाचतो असा पुरावा नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या नोव्हेंबरातच सांगून ठेवलं होतं, त्यासाठी माणसं पहाटे तीनपासून मेडिकलच्या शटरबाहेर रांगेत उभी होती, आणि त्या रांगेत माझी एक मैत्रीण होती. तिला हे सांगायची माझी छाती झाली नाही. तिला तेव्हा औषधापेक्षा करण्यासारखं काहीतरी हवं होतं. मी पालिकेचं बेडचं पान दर तासाला उघडून बघायचे. हॉस्पिटलांची नावं, रकाने, आणि व्हेंटिलेटरच्या रकान्यात बरेचदा शून्य. आम्हाला बेड नको होता. तरी बघायचे.

दडपण दडपण म्हणतात ते शरीरात कुठे असतं, हे मला त्या पंधरवड्यात कळलं. जबडा सकाळी उठल्यावर दुखायचा, रात्रभर दात आवळलेले असायचे. सिंहगड रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स गेली की पोटऱ्या ताठ व्हायच्या. मोठमोठ्या गोष्टी मी पटापट करत होते, विम्याची कागदपत्रं काढून ठेवली होती, तीन ॲम्ब्युलन्सवाल्यांचे नंबर फ्रीजवर चिकटवले होते. पण एका संध्याकाळी आईने विचारलं, "वरण तुरीचं करू की मुगाचं?" आणि मला ते ठरवता येईना. मी डब्यांसमोर उभी राहून रडले. आईने गॅस बंद केला, मला मोड्यावर बसवलं, आणि स्वतःच मुगाची डाळ धुवायला घेतली. डाळ धुताना पाणी पांढरं, मग कमी पांढरं, मग स्वच्छ होत गेलेलं मी बघत बसले. घड्याळात सहा वाजायला दोन मिनिटं होती. मी डोळे पुसले आणि वही घेऊन दाराशी गेले.

पुढच्या आठवड्यात काय होणार, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. पण सहा वाजता काय करायचं, ते मला माहीत होतं.

हे वेळा पाळणं खरं तर बाबांचंच. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते, लोकांच्या भाषेत कंट्रोलर. आधी कंडक्टर, मग परीक्षा देऊन कंट्रोलर, शेवटची अकरा वर्षं स्वारगेटला. शाळेच्या सुट्टीत मी डबा घेऊन जायचे. डिझेलचा, भिजलेल्या रेक्झिनचा आणि उसाच्या रसाचा एकत्र वास, जाळीची खिडकी, आणि खिडकीत कायम चार-पाच चेहरे. "साहेब, सातारा गाडी कधी?" तेव्हा मोबाईल नव्हते. गाडी कुठे आहे हे बाबांना तरी कुठून कळणार? पण बाबा रजिस्टरवरून मान वर करून शांतपणे सांगायचे, "शिरवळ सोडलंय. तासाभरात येईल." माणूस जायचा, बाकावर बसायचा, पोराला बिस्किटाचा पुडा फोडून द्यायचा. मी एकदा विचारलं, "बाबा, तुम्हाला कसं कळलं शिरवळ सोडलंय?" ते म्हणाले, "निघालीये हे नक्की. शिरवळ कधीतरी सोडणारच ना. माणूस 'माहीत नाही'वर बसू शकत नाही गं. तो उभा राहतो, मग दुसरा उभा राहतो, मग स्टँडभर नुसती धावाधाव. त्याला एक वेळ दिली की तो बसतो." मी दहा-अकरा वर्षांची होते. मला ते थोडं खोटं वाटलं होतं, आणि बाबा खोटं बोलतात याचं वाईटही वाटलं होतं. शिवाय एकदा सातारा गाडी खंबाटकीत बंद पडली आणि चार तास आली नाही, तेव्हा ज्या बाईंना त्यांनी तासाभराची वेळ दिली होती त्या खिडकीशी येऊन काहीच न बोलता उभ्या राहिल्या होत्या. बाबांनी आपला डबा त्यांना दिला होता. तो डबा मीच आणलेला होता, म्हणून आठवतं.

निवृत्तीनंतरही एसटी त्यांच्या अंगातून गेली नाही. पहिल्या लॉकडाऊनमध्ये, म्हणजे आपण सगळे दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतो त्या दिवसांत, स्वारगेट रिकामं दाखवलेलं त्यांना बघवेना. मग कोट्याला अडकलेल्या मुलांना आणायला धुळ्याहून गाड्या निघाल्या, मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत सोडायला गाड्या निघाल्या, तसे ते टीव्हीसमोर ताठ बसायला लागले. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले, त्या दिवशी ते जेवले नाहीत. रुळांवर पसरलेल्या भाकऱ्यांचं ते चित्र तुम्हीही पाहिलं असेल. "त्यांना कुणीतरी वेळ सांगायला हवी होती," एवढंच ते म्हणाले. "गाडी कधी, कुठून, हे कुणीच सांगितलं नाही, म्हणून माणसं चालत सुटली." आणि ३० जूनला देहू-आळंदीहून पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीने पंढरपूरला निघाल्या, तेव्हा बाबा घरात उभे राहिले. टाळ नाही, रिंगण नाही, धूळ नाही, मोजके वारकरी आणि लाल गाडी. आईने हात जोडले. बाबांनी जोडले की नाही आठवत नाही, पण ते पुटपुटले ते मी ऐकलं, "ड्रायव्हर कोण दिलाय बघा. नीट ने रे बाबा."

मागच्या खोलीत ते आजारी असताना आम्हीही त्यांच्यापासून एक गोष्ट लपवली. २० एप्रिलला सकाळी साडेसातला कराडहून चुलत भावाचा फोन आला. अण्णा गेले. अण्णा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आजोबा गेले तेव्हा बाबा नऊ वर्षांचे होते. अण्णांनी शाळा सोडली, उसाच्या फडावर मजुरी केली, बाबांना शिकवलं, एसटीच्या भरतीची जाहिरातही त्यांनीच कापून आणली होती. दर जानेवारीला त्यांच्याकडून काकवीची बरणी यायची, बरणीच्या तोंडाला धुतलेल्या धोतराचं फडकं बांधलेलं. ते पाच दिवस दवाखान्यात होते आणि आम्ही बाबांना सांगितलं होतं की साधा ताप आहे. चुलत भाऊ फोनवर रडतही नव्हता. "लांबून दाखवलं," एवढंच म्हणत होता. "काकू, लांबून दाखवलं." आईने स्वयंपाकघराचा नळ पूर्ण सोडला आणि त्या आवाजाआड आम्ही दोघी रडलो. बादली भरून वाहायला लागली तरी नळ बंद केला नाही. मग आईने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "यांना आत्ता कळता कामा नये." दहा वाजले होते. मी दाराशी गेले. आवाज शक्य तितका रोजचा केला. "बाबा, किती?" उत्तर लवकर आलं नाही. मी पुन्हा विचारलं. मग आलं, "पंच्याण्णव." मी मनात म्हटलं, बरं झालं, यांना काही माहीत नाही.

लपवणं आमच्या घरात नवं नव्हतं, आणि साथही नवी नव्हती. आजी, म्हणजे बाबांची आई, प्लेगचं सांगायची. गाठीचा ताप म्हणायची ती. घरात उंदीर पडला की गाव उठायचं आणि माळावर झोपड्या घालून राहायचं. पुण्यातला १८९७ चा प्लेग आपण रँड आणि चापेकर बंधूंमुळे लक्षात ठेवतो. सावित्रीबाई फुल्यांनी त्याच प्लेगात रुग्णांची सेवा करता करता १० मार्चला देह ठेवला, तेही शाळेत वाचलेलं असतं. २०२० मध्ये पुण्यात पहिले रुग्ण सापडले ते ९ मार्चला, होळीच्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी सावित्रीबाईंची पुण्यतिथी होती. पण आजीच्या गोष्टीत ही नावं नसायची. तिच्या गोष्टीत जातं असायचं. माळावर जाताना सगळं घर मागे टाकलं, पण तिच्या सासूने जातं सोडलं नाही, गाडीत घालून नेलं, आणि पहाटे माळावर उघड्यावर ते घरघरायला लागलं की बाकीच्या झोपड्यांतल्या बायका उठायच्या. १९१८ च्या मानमोडीचंही, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीचंही, ती ऐकीव सांगायची. तिच्या आईची तीन लेकरं त्या साथीत गेली. ते मात्र एका वाक्यात सांगून ती पुढे जायची, आणि जात्यावर परत यायची. लहानपणी मला वाटायचं आजी महत्त्वाचं सोडून भलतंच सांगते.

१ मेला, शनिवारी, बाबा खोलीतून बाहेर आले. आठ किलोंनी उतरलेले, सदरा खांद्यावरून ओघळलेला, आणि मिशी नाही. बाबांना बिनमिशीचं मी जन्मात पाहिलं नव्हतं. "कंटाळा आला, काढली," ते म्हणाले. मी हसले, म्हटलं, "छान दिसताय." आईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि काहीच न बोलता आत गेली. दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही दोघी त्यांच्या दोन बाजूंना बसलो. आईने सांगितलं. अण्णा गेले, अकरा दिवस झाले, तुम्हाला सांगितलं नाही, राग मानू नका. बाबा म्हणाले, "हं." मग उठले, आंघोळ केली, देवाजवळ न जाता गॅलरीत जाऊन बसले. ना प्रश्न, ना रडणं. आजारपणाने माणूस असा बधिर होतो, असं मी भावाला फोनवर सांगितलं. ते कितीतरी दिवस मला खरंच वाटत होतं.

तर, गेल्या नोव्हेंबरात केंद्रातून घरी आलो आणि हयातीच्या दाखल्याची पावती ठेवायला मी बाबांची पेन्शनची फाइल काढली. प्लॅस्टिकची, नाडी बांधायची. पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, सर्व्हिस बुकाची झेरॉक्स, आईचं मॅरेज सर्टिफिकेट, आणि त्यांच्यामध्ये चार घड्या घातलेलं 'कालनिर्णय'चं एक पान. एप्रिल २०२१. मागच्या खोलीत भिंतीवर असायचं ते. आमच्याकडे दुधाचे खाडे कॅलेंडरवर लिहितात, तसे त्या चौकोनांत पेन्सिलीने बारीक आकडे होते. बाबांचं अक्षर, कंडक्टरच्या हिशोबाच्या कागदावर, वेबिलावर असायचं तसं, एकाखाली एक. प्रत्येक चौकोनात पाच.

मी माझी वही शोधून काढली. माळ्यावर होती. दोन्ही समोर ठेवली.

१७ एप्रिल, माझ्याकडे ९५, ९५, ९४, ९५, ९५. त्यांच्याकडे ९३, ९३, ९२, ९३, ९२. १९ तारखेला माझ्याकडे सरळ पाच वेळा ९५, त्यांच्याकडे एक ९२ सोडला तर सगळे ९१. २२ तारखेच्या रात्री दहाला माझ्या वहीत ९५ आणि शेऱ्यात "आवाज छान". कॅलेंडरवर ८९.

मला पहिल्यांदा राग आला, आणि तो अजूनही पूर्ण गेलेला नाही. एकोणनव्वद. मी बाहेर भावाशी हसून बोलत होते आणि आत एकोणनव्वद होता. त्या रात्री काही झालं असतं तर वहीत ९५ घेऊन मी उरलेलं आयुष्य काय केलं असतं? आणि मग एकेक खूण आठवायला लागली, जी माझ्यासमोर होती आणि मी पाहिली नव्हती. त्यांनी दोन जास्तीच्या उशा मागून घेतल्या होत्या, मला वाटलं पाठ दुखतेय. ते पालथे झोपत होते, छातीखाली एक, मांड्यांखाली एक. सपातांचा आवाज यायचा, सहा मिनिटं चालायचे ना, तो मध्येच थांबायचा, पलंग करकरायचा, मग बराच वेळ काहीच नाही. एरवी बोलायला लागले की न थांबणारा माणूस दाराआडून फक्त एक शब्द बोलत होता. आणि तो शब्दही, आता कानात नीट ऐकू येतो मला, एका श्वासात होत नव्हता. पंच्या, आणि मग थोडं थांबून, ण्णव. त्या खंडात सगळं होतं. मी त्यापुढचा आकडा लिहून घेत होते.

आमच्या डॉक्टरांना मी नंतर ते पान दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. "नशीब," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "त्या आठवड्यात तुम्ही मला उठवलं असतंत, तर मी तुम्हाला बेड कुठून देणार होतो, तेही मला ठाऊक नाही." दोन्ही वाक्यं खरी होती. मला त्यातलं एकच धरून ठेवता येत नाही.

आणि २० एप्रिल. मंगळवार. त्या चौकोनात पाच आकडे आहेतच, सकाळचा दहाचा ९१. पण त्यांच्या वर, तारखेच्या अगदी शेजारी, लिहिलंय: "अण्णा ७.१०."

म्हणजे कुणीतरी गावाकडून बाबांच्या त्या बटणांच्या मोबाईलवर फोन केला होता. कदाचित चुलत भावाच्या आधीच. आम्ही नळ सोडून रडत होतो तेव्हा भिंतीपलीकडे त्यांना माहीत होतं. त्यांनी ते रजिस्टरमध्ये गाडी सुटल्याची वेळ लिहावी तसं लिहिलं, आणि दहा वाजता मी रोजच्या आवाजात विचारलं तेव्हा मला पंच्याण्णव सांगितलं. मिशीचं कोडं तिथे सुटलं. २९ तारखेच्या चौकोनात "दहावा" असं लिहून खाली रेघ मारली आहे. आत, एकट्याने, तांब्यातल्या पाण्याने, छोट्या आरशात बघून थोरल्या भावाच्या दहाव्याची मिशी उतरवली त्यांनी. आईला हे त्याच दिवशी कळलं होतं. मी आता विचारल्यावर तिने नुसती मान हलवली. "त्यांना बोलायचं नव्हतं. मी कशाला विचारू?" म्हणजे त्या १ मेच्या दुपारी, आम्ही दोघी त्यांना बातमी सांगत होतो तेव्हा, ती बातमी ज्याला कळायची बाकी होती असं त्या खोलीत कुणी नव्हतंच. तरी आईने ती सांगितली आणि बाबांनी ती ऐकून घेतली.

मी बाबांना अजून काही विचारलेलं नाही. पान जिथे होतं तिथे परत ठेवायचं असं ठरवलं, पण त्याआधी एक काम केलं. माझ्या वहीत, माझ्या निळ्या आकड्यांशेजारी, पेन्सिलीने त्यांचे आकडे उतरवून घेतले. सतरा दिवसांचे, त्यांच्याच क्रमाने. आई शेजारी शेंगा सोलत बसली होती, टरफलं मोडल्याचा आवाज येत होता. ९१ शेजारी ९५, ८९ शेजारी ९५, ९२ शेजारी ९५. तेवीस तारखेनंतर त्यांचे आकडे हळूहळू चढायला लागले. ९२, ९२, ९३. सव्वीसला रात्री ९४.

मग २७ एप्रिल, हनुमान जयंती. सकाळी सहा, ९४. दहा, ९४. दुपारी दोनच्या जागी ९५ आणि त्याभोवती पेन्सिलीने काढलेलं वर्तुळ, दोनदा गिरवलेलं, कागदाला जवळजवळ भोक पडेपर्यंत. त्या महिन्यात बाबांनी मला सांगितलेला पहिला खरा पंच्याण्णव. माझ्या वहीत त्या वेळेसमोरही ९५ च आहे, आधीच्या पन्नासांसारखाच. शेऱ्यात लिहिलंय, "मीटिंग चालू होती. तीनदा ओरडले."